वाचकांचे प्रश्न: रिलीजच्या आधीच गेम विकणारी दुकानं

मागच्या अंकात नवीन गेम्सच्या किमतींवर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी किमतीबद्दल नव्हतीच, ती होती तारखेबद्दल. कुणाला गेम चार दिवस आधी मिळाला, कुणाला मिळाला नाही म्हणून राग आलाय, कुणाचं स्वतःचंच दुकान आहे. मी पाच वर्षं पुण्यात एका गेमच्या दुकानात काउंटरवर उभा होतो त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून ह्यावेळी सगळी जागा ह्यालाच.

प्रश्न: मी डोंबिवलीला राहतो, एसवायला आहे. शुक्रवारी रिलीज असलेला पीएस५चा, म्हणजे प्लेस्टेशन ५चा गेम मला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात सोमवारीच मिळाला. दुकानदाराने एमआरपीच्या वर ८०० रुपये घेतले आणि बिल दिलं नाही, म्हणाला शुक्रवारी येऊन घेऊन जा. आता मित्र म्हणतायत की हे बेकायदेशीर आहे आणि ऑनलाइन गेलास तर अकाउंट बॅन होईल. मी चूक केली का?

उत्तर: मित्रा, आधी घाबरणं थांबव. रिलीजची तारीख हा गेम काढणारी कंपनी, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार ह्यांच्यातला शब्द असतो, करार म्हण. त्यात तू कुठेच नाहीस, तू कशावर सही केली नाहीस, तू दुकानात गेलास, पैसे दिलेस, वस्तू घेतलीस. तारीख फोडली ती दुकानदाराने, आणि त्याबद्दल त्याला जे काय होईल ते डिस्ट्रिब्युटरकडून होईल, म्हणजे पुढचा माल उशिरा येईल, उधारी बंद होईल, फार झालं तर डीलरशिप जाईल. पोलिसांचा त्यात काही संबंध नाही.

बॅनचं म्हणशील तर मित्रांनी दोन गोष्टी एकत्र केल्यात. २०१६ मधे पोकेमॉन सन आणि मून यायच्या आधी त्यांच्या चोरीच्या कॉप्या नेटवर फिरत होत्या, त्या डाउनलोड करून थ्रीडीएस ह्या निन्टेन्डोच्याच हातातल्या गेम मशीनवर ऑनलाइन गेलेल्यांची मशिन्स निन्टेन्डोने ऑनलाइनमधून कायमची बाद केली होती. ती कारवाई चोरीच्या कॉपीवर होती. तुझी डिस्क खरी आहे, विकत घेतलेली आहे.

पण तुझ्या पत्रात मला खरा राग आला तो त्या ८०० रुपयांचा. छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांत ते स्पष्ट आहे, आणि वस्तू चार दिवस आधी दिली म्हणून त्यात सूट नाही. आणि बिल शुक्रवारी का, तर सोमवारच्या तारखेचं बिल म्हणजे त्याच्याच विरोधातला पुरावा. ते जर कुणी डिस्ट्रिब्युटरला पाठवलं तर त्याला पळायला जागा नाही. म्हणून तो तुला चार दिवस बिलाशिवाय ठेवतो, आणि ह्या चार दिवसांत डिस्क स्क्रॅच निघाली, मशीनने वाचलीच नाही तर तू तिथे जाऊन सांगणार काय? तू ती वस्तू तिथून घेतलीस हेच तुला दाखवता येणार नाही. डबा उलटा करून बघ, मागे इम्पोर्टरचं नाव-पत्ता-एमआरपीचं स्टिकर आहे का. असेल तर बिल नीट मागून घे आणि जास्तीचे पैसे परत माग, नाही दिले तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार कर. स्टिकरच नसेल तर तो माल बाहेरून परस्पर आलेला आहे, त्याला इथे कुणी वाली नाही.

अजून एक. आधी मिळालेली डिस्क म्हणजे आख्खा गेम असेलच असं आता राहिलेलं नाही. २०१५ मधे टोनी हॉक्स प्रो स्केटर ५ ज्यांना आधी मिळाला त्यांनी मोठ्या हौसेने डिस्क घातली तर आत ट्युटोरियल आणि पार्क बनवायचा भाग एवढंच चालत होतं, बाकी सगळं पहिल्या दिवशीच्या पॅचमधे, म्हणजे नेटवरून उतरवायच्या अपडेटमधे येणार होतं. २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर तर सुमारे ७० एमबीच डेटा होता, बाकीचा गेम नेटवरून उतरवायचा. म्हणजे कधी कधी ८०० रुपये जास्त देऊन आपण प्लास्टिकचा डबा चार दिवस आधी घरी आणतो.

प्रश्न: माझा नातू रोज दुकानात जाऊन विचारतो, दुकानदार म्हणतो माल आलाय पण देऊ शकत नाही. वस्तू दुकानात पडून आहे, गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे, मग अडवायचं कशाला? मला हे कळत नाही. (एक आजोबा, सातारा)

उत्तर: काका, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि एके काळी असंच चालायचं, माल ज्या दिवशी पोचला त्या दिवशी विक्रीला. मुंबईत आज, दुसऱ्या गावात दहा दिवसांनी. हे बदललं ते सेगा ह्या जपानी गेम कंपनीने. सॉनिक २ हा गेम त्यांनी अमेरिका आणि युरोपात एकाच दिवशी आणायचं ठरवलं, २४ नोव्हेंबर १९९२, मंगळवार, आणि त्या मंगळवारचीच एवढी जाहिरात केली की लोकांना गेमच्या आधी तारीख पाठ झाली. पुढच्या वर्षी १३ सप्टेंबर १९९३ ला मॉर्टल कॉम्बॅट आला, त्यांनी त्या सोमवारलाच मॉर्टल मंडे नाव दिलं. तेव्हापासून मोठा गेम म्हणजे मोठा दिवस, सिनेमाच्या पहिल्या दिवसाच्या पहिल्या शोसारखं.

आता एक दिवस ठरवला की तो सगळीकडे पाळायला माल आधी पोचवावा लागतो. सातारच्या दुकानात शुक्रवारी सकाळी डबा पाहिजे तर तो गोदामातून तीन-चार दिवस आधी निघायला हवा, म्हणजे गोदामाच्या शेजारच्या दुकानात तो सोमवारीच येऊन बसणार. तारीख ठरते लांबच्या दुकानाकडे बघून, आणि मोह होतो जवळच्या दुकानाला. तुमच्या नातवाला जो दुकानदार नाही म्हणतोय ना, तो माल दाबून बसलेला नाही, त्याने शब्द दिलाय आणि तो पाळतोय. त्याच्याकडूनच घ्या.

(जपानमधे तर ह्याला खास शब्दच आहे, फुरागे, म्हणजे रिलीजच्या आधीच वस्तू हातात पाडून घेणं. तिथे बरीच दुकानं आदल्या दिवशी माल मांडायला घेतात आणि लोक बरोबर त्या संध्याकाळी जाऊन उभे राहतात.)

प्रश्न: आम्ही मेलबर्नला असतो. २०२० च्या मार्चमधे इथे डूम इटर्नल आणि अ‍ॅनिमल क्रॉसिंग हे दोन्ही गेम्स दुकानांनी एक दिवस आधीच दिले होते तेव्हा कुणी काही बोललं नाही. आता माझ्या मुलाला एक गेम आठवडाभर आधी मिळालाय आणि त्याला तो यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचाय, म्हणतो व्ह्यूज खूप येतील. दाखवू द्यावं का?

उत्तर: नाही. ताई, ह्या एका गोष्टीवर मी तुम्हाला जरासुद्धा सूट देणार नाही.

२०२० चं प्रकरण वेगळं होतं. कोविड सुरू झाला होता, दोन्ही गेम्सची तारीख एकच, २० मार्च, आणि दोन्हीची गिऱ्हाइकं एकाच दिवशी रांगेत उभी राहू नयेत म्हणून अमेरिकेतल्या गेमस्टॉप ह्या दुकानांच्या साखळीने डूम एक दिवस आधी विकायला काढला, सांगून, जाहीर करून. त्याच काळात स्क्वेअर एनिक्स ह्या गेम कंपनीने फायनल फँटसी ७ रीमेक युरोप आणि ऑस्ट्रेलियाला मुद्दाम आधी पाठवला कारण वाहतूक कधी बंद पडेल ह्याचा भरवसा नव्हता, आणि ज्यांना आधी मिळेल त्यांनी बाकीच्यांसाठी गोष्ट फोडू नका अशी विनंती बनवणाऱ्यांनी स्वतः केली. तिथे कुणी लपवाछपवी केली नाही.

आता तुमच्याच देशातलं दुसरं प्रकरण सांगतो, हे मुलाला वाचून दाखवा. २००९ च्या नोव्हेंबरमधे निन्टेन्डोचा न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी हा गेम ऑस्ट्रेलियात बाकी जगाच्या आधी येणार होता, आणि क्वीन्सलँडमधल्या एका दुकानाने चुकून तो त्याच्याही काही दिवस आधी एका चोवीस वर्षांच्या मुलाला विकला. त्याने विकत घेतला, इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मग त्याने तो कॉपी करून नेटवर टाकला. निन्टेन्डोने कोर्टात खेचलं आणि शेवटी तडजोडीत त्या पोराच्या डोक्यावर १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्स आले. दुकानाची चूक, घेणाऱ्याचं नशीब, आणि नंतर एका रात्रीतला मूर्खपणा, त्याची किंमत एवढी.

लाइव्ह दाखवणं म्हणजे गेम कॉपी करून टाकणं नाही हे मला मान्य आहे, तेवढा दंड होणार नाही. पण चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबचा ठपका बसू शकतो, व्हिडिओ काढून टाकतात, आणि त्याहून मोठी गोष्ट माझ्यासाठी ही की कुणीतरी चार-पाच वर्षं बसून लिहिलेली गोष्ट तुमचा मुलगा लाखो लोकांसाठी आठवडाभर आधी फोडणार. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक ९ नोव्हेंबर २०२२ ला येणार होता आणि एका दुकानाने जवळपास दोन आठवडे आधी विकला, तेव्हा त्याआधीच्या गॉड ऑफ वॉरचा डिरेक्टर कोरी बार्लॉग ह्याने ट्विटरवर उघडपणे नाराजी लिहिली होती, आणि खेळायची वाट बघणारे लोक गोष्ट चुकून कळू नये म्हणून दोन आठवडे फोनवर शब्द म्यूट करत बसले होते. पेपर फुटतो तेव्हा ज्याने अभ्यास केलाय त्याला जे वाटतं ना, तसंच ते असतं. मुलाला खेळू दे, मजा करू दे, रेकॉर्डिंग करून ठेवू दे, आणि रिलीजच्या दिवशी सकाळी टाकू दे. आठवडाभर खेळून झालेला असल्यामुळे त्याचा व्हिडिओ तेव्हाही बाकीच्यांपेक्षा चांगलाच होईल.

प्रश्न: माझं कोल्हापुरात छोटं दुकान आहे, मोबाइल अ‍ॅक्सेसरीज आणि गेम्स. मी तारीख पाळतो. माझ्यापासून पाच मिनिटांवर एक मोठं दुकान आहे ते प्रत्येक मोठा गेम दोन-तीन दिवस आधी विकतं, स्टेटसला फोटो टाकून विकतं. माझी प्री-ऑर्डरवाली पोरं येऊन अ‍ॅडव्हान्स परत मागतात. डिस्ट्रिब्युटरला फोन केला तर बघतो म्हणतात. मी पण आधी विकायला सुरुवात करू का? खरं सांगा.

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ह्याचं उत्तर द्यायला मला २०१३ मधे जावं लागेल.

जीटीए ५ ह्या गेमची तारीख होती १७ सप्टेंबर, मंगळवार. त्या वर्षी अनंत चतुर्दशी १८ ला होती, म्हणजे ऐन गणपतीत, पेठांतले रस्ते बंद, ढोल चालू, टेम्पो आत येईना म्हणून मी आणि अजून एक जण दोन चौक चालत जाऊन शनिवारी संध्याकाळी खोके उचलून आणले. ब्राउन टेप, वर इंग्रजीत शिक्का, अमुक तारखेआधी विकू नये. मालकांनी ते काउंटरखाली ठेवले, कटरसुद्धा लावू दिला नाही, वर एक चादर टाकली. रविवारी सकाळी पहिला फोन आला, अमक्या दुकानात मिळतोय, तुमच्याकडे आहे का? मी मालकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, मी म्हणालो मंगळवारी. दिवसभर हेच. सोमवारी संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी अ‍ॅडव्हान्स परत नेला होता. त्यातला एक मुलगा चिंचवडहून दोन बस बदलून आला होता, त्याला आत खोका दिसत होता, चादरीच्या खालून कोपरा बाहेर आला होता, तो त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, काका आहे की हो तुमच्याकडे. मालकांनी गल्ल्यातून त्याचे ५०० रुपये काढून दिले आणि म्हणाले, आहे बाळा, पण उद्या आहे. तो गेला. मला आजही तो प्रसंग आठवला की वाईट वाटतं, त्या मुलाचं पण आणि मालकांचं पण.

त्याच आठवड्यात ब्रिटनमधे अ‍ॅमेझॉनच्या काही गिऱ्हाइकांना हाच गेम पोस्टाने काही दिवस आधी घरपोच मिळाला होता आणि तो काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला त्यावर निवेदन द्यावं लागलं होतं. म्हणजे हे कोल्हापूर-पुण्याचं दुखणं नाही, जिथे माल आधी पोचतो तिथे हे होतं.

आता तुम्ही म्हणाल मग तारीख फोडणाऱ्या त्या दुकानाला काय झालं. काही नाही झालं. तो जास्त माल उचलणारा होता, डिस्ट्रिब्युटरला तो हवा होता. आणि हेच माझं सगळ्यात मोठं भांडण आहे, पाच वर्षांत मी जे बघितलं त्यात शिक्षा झाली ती छोट्यांनाच झाली. आमच्याच ओळखीतल्या एकाने फक्त दोन कॉप्या आधी दिल्या, त्या पण भाच्याच्या मित्रांना, तर त्याचा पुढच्या दोन गेम्सचा माल रिलीज उलटून गेल्यावर आला. म्हणून तुम्हाला माझं उत्तर नाही असं आहे, सुरू करू नका. तो मोठा फोडतो तेव्हा त्याला फोन येतो, तुम्ही फोडलीत तर तुमचा माल थांबेल. हे न्यायाचं नाही, पण तुमचा धंदा वाचवायचा असेल तर हे धरूनच चालावं लागेल.

पण नुसतं गप्प बसून पण राहू नका. फोनवर बघतो म्हणणं सोपं असतं, लेखी आलं की उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट, आणि जमलं तर कुणा गिऱ्हाइकाचं रिलीजच्या आधीच्या तारखेचं बिल, हे मेलवर पाठवा, आणि एकटे पाठवू नका, सांगली, इचलकरंजी, मिरज इथले जे डीलर्स तुमच्यासारखे तारीख पाळतात त्यांना बरोबर घ्या, पाच जणांचा मेल आणि एकाचा फोन ह्यात फार फरक पडतो. त्यात सरळ विचारा, की तारीख सैल केली असेल तर आम्हाला पण लेखी कळवा, आम्ही पण आजच विकतो. बऱ्याचदा ह्या एका वाक्यावर हालचाल होते कारण लेखी हो म्हणता येत नाही आणि लेखी नाही म्हटलं की त्या दुकानाला थांबवावं लागतं.

आणि गिऱ्हाइकाला धरून ठेवायचं असेल तर रिलीजच्या दिवशी दहा वाजता शटर उघडू नका, सात वाजता उघडा. आमचे मालक त्या मंगळवारी साडेसहाला आले होते, मोदक घेऊन, आणि बाहेर तेरा जण उभे होते. सील त्यांच्यासमोर कापलं. दुकानात तेव्हा जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. त्यातले काही जण पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडूनच घ्यायचे, लग्न होऊन पोरं झाल्यावर पण.

प्रश्न: डिजिटल घेतलं की हा सगळा घोळच नाही ना? (पणजी)

उत्तर: बराचसा नाही. गेम आधी डाउनलोड करून ठेवता येतो पण तो कुलूपबंद असतो, ठरलेल्या मिनिटाला सर्व्हर उघडतो तेव्हाच चालतो. एक्सबॉक्सवर लोक देश बदलून न्यूझीलंड करतात कारण तिथे तारीख आपल्या आधी उजाडते, तेवढे काही तास मिळतात. पण डिजिटल घेतलेला गेम खेळून झाल्यावर मित्राला देता येत नाही, विकता येत नाही, आणि आपल्याकडे चार-पाच हजारांचा गेम तिघांत मिळून घेणारी पोरं खूप आहेत, त्यांना डिस्कच परवडते. आणि चोरी डिस्कमुळेच होते असं पण नाही म्हणता येणार, पण एक कॉपी बाहेर पडली की काय होतं ते झेल्डाच्या टिअर्स ऑफ द किंगडमच्या वेळी दिसलं, १२ मे २०२३ ची तारीख होती आणि त्याआधी जवळजवळ दीड आठवडा तो नेटवर फिरत होता, रिलीजच्या आधीच दहा लाखांवर डाउनलोड झाले असं निन्टेन्डोने नंतर युझू ह्या एम्युलेटरवाल्यांवरच्या (एम्युलेटर म्हणजे निन्टेन्डोचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) दाव्यात म्हटलं, आणि युझूवाल्यांनी २४ लाख डॉलर्स देऊन ते प्रकरण मिटवलं.

प्रश्न: माझ्या मुलाचा वाढदिवस बुधवारी आहे आणि त्याला हवा असलेला गेम शुक्रवारी येतोय. ओळखीचे दुकानदार म्हणाले ताई तुमच्यासाठी मंगळवारी देतो, एमआरपीलाच देतो, फक्त कुणाला सांगू नका. घेऊ का? मुलगा दहा वर्षांचा आहे. (नाशिक)

उत्तर: ताई, एमआरपीत देतायत, बिल देतायत तर तुमच्याकडून काहीच चुकत नाही, आणि वाढदिवसाला हातात वस्तू द्यावी असं कुठल्या आईला वाटणार नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला कुणाला सांगू नकोस असं सांगणं किती अवघड आहे विचार करा, तो गुरुवारी शाळेत गेला की पहिल्या तासाला सगळ्यांना कळणार, आणि मग पाच आया त्या दुकानात जाणार, आणि त्या भल्या माणसाची अडचण होणार. मी काय करीन सांगतो. दुकानातून प्री-ऑर्डरची पावती घ्या, तिच्यावर त्याचं नाव लिहून घ्या, खोक्यात घालून रंगीत कागदात गुंडाळा, बुधवारी ती द्या. आणि शुक्रवारी शाळेच्या आधी त्याला घेऊन स्वतः जा, त्याच्याच हातांनी पावती काउंटरवर ठेवू दे. तोवर घरच्या मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट करून ठेवा आणि जागा रिकामी आहे का बघा, नाहीतर शुक्रवारची आख्खी संध्याकाळ पॅच उतरण्यात जाईल.